फुलदानीचा धागा

आमच्या दिग्रसच्या विहारातली भांडी साऱ्याईची. ज्याच्या घरी लगन, त्यानं न्यायची आन् घासून परत ठेवायची. मले वाटलं, यवतमाळच्या संग्रहालयातही तसंच असन. म्हनून तं गेल्या वर्षी आमची फ्रान्सची फुलदानी हसत हसत तिथं देऊन आली मी.

काय फुलदानी होती बापा! चिनी मातीची, निळीशार, पोटावर गुलाबाची फुलं, काठाले सोन्याचा मुलामा. माह्या सासऱ्याले, डोमाजीले, कापसाच्या जिनिंगच्या मालकानं खुशीनं देल्ली होती. आमच्या घरी तिच्यात फुलं कवाच ठेवली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी विहारातले भंतेजी येऊन आशीर्वादाचा परित्राण पाठ म्हनतेत, तवा तिच्यात पानी भरायचं, पिंपळाची पानं टाकायची, गळ्याले पांढरा धागा गुंडाळायचा, आन् तोच धागा हातात धरून सारं घर बसे. माहं लगन तसंच झालं, पोराचंही. आता नातीचं, मैत्रेयीचं ठरलं, तं मी कापडी थैली घेऊन एस्टीत बसली.

संग्रहालयातली बाई निशिगंधा. पोरगी गोड, पन नियमाची पक्की.

"आजी, इथं दिलेली वस्तू बाहेर जात नाही. आणि तिच्यात पाणी तर अजिबात नाही."

"काहून? लगन झालं का आनून देतो ना! घासून देतो!"

"घासून?" पोरगी पांढरीफटक पडली.

माहं डोस्कंच सटकलं. "अवं, तू जन्मली नव्हती तवापासून घासून राह्यलो आम्ही तिले! एक टवका तरी उडाला काय? पाह्य!"

दारावरचा हरिसिंग तोंड फिरवून हसे. मी काचेच्या पेटीपुढं फतकल मारून बसली आन् मले रडूच आलं. मैत्रेयी एवढीशी होती तवापासून इचारे, आजी, माह्या लग्नात धागा तूच गुंडाळशीन ना? आता तिले काय तोंड दाखवू? म्या आपल्याच हातानं फुलदानी देऊन टाकली होती.

मंग एकदम सुचलं. डोळे पुसले आन् म्हन्लं, "थे येत नाही ना? तं आम्ही येतो."

निशिगंधानं वरच्या साहेबाईले फोन लावले. सुट्टीचा सोमवार भेटला. पन अटी! मेनबत्ती नाही, पानी दूर स्टीलच्या घागरीत, धागा काचेवरूनच गुंडाळायचा, काच उघडायची नाही. म्या साऱ्याले हो म्हन्लं. करता काय?

सोमवारी गाडी भरून पाव्हने, भंतेजी, पांढऱ्या साडीत मैत्रेयी. निशिगंधानं तिच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मंग खिशातून किल्ली काढली आन् काच उघडली.

"साहेबांना विचारलंय मी पुन्हा. हे हातमोजे घाला, आजी. हळूच हं."

म्या हातमोजे चढवले, फुलदानीच्या गळ्याले धागा गुंडाळला, मैत्रेयीच्या हाती देल्ला, तिथून साऱ्याईच्या. हरिसिंगनंही धरला, निशिगंधानंही. भंतेजीचा आवाज त्या दगडी दालनात असा घुमला का अंगावर काटा आला. एवढा आनंद मले माह्या लग्नातही झाला नव्हता.

पाठ झाल्यावर मैत्रेयी गळ्यात पडली. साऱ्याईच्या मनगटावर धागे बांधून झाले. निशिगंधा म्हने, "आजी, थोडा वेळ उघडीच ठेवू का? मन भरून पाहून घ्या."

"नोको वं," म्या म्हन्लं, "काच लाव लवकर. धूळ बसन तिच्यावर."