रामाजीच्या खाटेपाशी

आनंदराव पाटोळेने सव्वीस वर्षं फक्त बोलण्याची नोकरी केली. रामदासपेठेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात तो सुवार्तिक होता. ज्याचं ऑपरेशन असेल त्याच्या खाटेपाशी उभं राहायचं आणि मोठ्याने प्रार्थना करायची, हे त्याचं काम. प्रार्थना झाल्याशिवाय स्ट्रेचर हलायचं नाही असा तिथला रिवाज. पेशंट कुठल्याही जातीधर्माचा असो, आनंदरावचा खणखणीत "आमेन" ऐकूनच आत जायचा. आणि आवाज तरी कसा! आज कोणाचा नंबर आहे, ते खालच्या मजल्यावर कळायचं.

चौऱ्याहत्तर सालच्या होळीनंतर त्याच्याच घशात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज गेला. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचा. त्यावर बायकोने, प्रेमिलाने शिवलेलं मलमलीचं फडकं बांधायचा. काही सांगायचं झालं तर पाटीवर लिहायचा.

सहा महिने झाले, त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून पुन्हा स्वयंपाकघरात.

"काहून जी, फरशी झिजवून राहिले?" प्रेमिला म्हणायची. "चर्चमध्ये चला. घटकाभर बसा तरी."

'कशाला?' असं तो लिहायचा आणि लगेच पुसून टाकायचा. खरं सांगायचं तर स्वारी देवावर रुसली होती. घ्यायचंच होतं तर एक पाय घ्यायचा, डोळा घ्यायचा. नेमकं पोटापाण्याचं आणि सेवेचं तेवढं उचलून नेलं! मनातल्या मनात प्रार्थना करायला बसावं, तर जमेना. जन्मभर दुसऱ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना केलेली. ऐकणारं कोणी नसलं की शब्द फुटायचेच नाहीत.

अशात एका सकाळी वॉर्डातल्या सिस्टर उजगरे दारात उभ्या राहिल्या.

"आनंदराव, उमरेडचा एक विणकर आहे, रामाजी. तुमचं झालं तेच ऑपरेशन, आज दहा वाजता. पण तो गाठोडं बांधून बसला. मुका होऊन जगण्यापेक्षा घरी मरतो म्हणते. तुम्ही या."

त्याने लिहिलं, 'मी काय बोलणार?'

"ते मले नाही माहीत. पण या," असं म्हणून बाई गेल्यासुद्धा.

आनंदराव निघाला. सीताबर्डीच्या चौकापर्यंत गेला, परत फिरला, पानठेल्यापाशी थांबला, स्वतःवर चिडला आणि पुन्हा निघाला.

रामाजी पायात चपला घालून खाटेच्या कडेवर बसला होता. शेजारी त्याची बायको कांताबाई, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन. आनंदरावने वाटेतच पाटी तयार ठेवली होती. वळणदार अक्षरात चार ओळी, धीर देणाऱ्या. ती त्याने रामाजीच्या हातात दिली. रामाजीने ती उलटी धरली, बराच वेळ पाहिली आणि परत केली.

"मले अक्षर येत नाही, भाऊ."

आनंदरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षांत त्याने एकाही पेशंटला वाचता येतं का म्हणून विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती. आता काय करावं? त्याने रागारागाने पाटी खाटेवर आपटली आणि गळ्याचं फडकं सोडलं. हे भोक घरी आल्यापासून त्याने प्रेमिलाशिवाय कोणाला दाखवलं नव्हतं.

रामाजी वाकला. सूत चाचपणारी त्याची बोटं पुढे आली आणि त्या भोकासमोर थांबली.

"वारा लागते गा!" तो बायकोला नाही, स्वतःलाच म्हणाला. मग भीत भीत त्याने विचारलं, "जेवता येते?"

आनंदरावने कांताबाईच्या मांडीवरून भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. ठेचा जहाल होता. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. कांताबाई चार दिवसांत पहिल्यांदा हसली. रामाजीने चपला काढल्या.

स्ट्रेचर आलं. आनंदरावच्या जागी आलेले नवे सुवार्तिक प्रार्थनेचं पुस्तक उघडून पुढे झाले.

"तुम्ही नाही," रामाजी म्हणाला. "हे भाऊ करतीन."

"अहो, त्यांना आवाज नाही," सिस्टर म्हणाल्या.

"या भाऊच्या देवाले तं ऐकू येत असन ना?"

आनंदरावने रामाजीच्या हातावर हात ठेवला. त्याचे ओठ हलू लागले. आधी जुनी, पाठ झालेली वाक्यं आली. ती त्यालाच पोकळ वाटली, म्हणून त्याने मध्येच सोडली. मग पोटातून आलं ते एवढंच: बापा, जगता येतं असं मी ह्याला दाखवून बसलोय. आता मला खोटं पाडू नकोस.

प्रार्थना संपली कधी, ते कोणालाच कळेना. रामाजीने एक डोळा उघडला.

"झालं?"

आनंदरावने मान डोलावली. तेव्हा, गेले चार दिवस रोज सकाळी वॉर्डात ऐकलेला तो शब्द रामाजीनेच म्हटला, घोगऱ्या आवाजात, पण खालच्या मजल्यावर जाईल असा: "आमेन!" त्याचा आवाज त्यानंतर कोणी ऐकला नाही.

दुपारी प्रेमिलाचा निरोप आला, जेवायला या. आनंदरावने चिठ्ठी पाठवली, 'कामावर आहे.'

तीन वाजता रामाजीला बाहेर आणलं. तो शुद्धीवर नव्हता. कांताबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघायला धजेना. आनंदरावने तिचा हात धरला आणि रामाजीच्या गळ्यासमोर नेऊन ठेवला.

वारा लागत होता.