भर दुपारच्या इस्त्र्या

आमच्या गल्लीच्या मागे डेटा सेंटर आलं, तेव्हा ते नेमकं काय करतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बिनखिडक्यांची लांबलचक इमारत, आत कपाटांसारखी यंत्रं आणि अखंड घरघर. मग माझ्या सुनेनं मला समजावलं, "बाबा, लोक फोनवर जे बघतात, शोधतात, जपून ठेवतात, ते कुठेतरी ठेवावं लागतं ना? ते इथे." म्हणजे हा जगाचा माळा होता. आमच्या माळ्यावरही कधीच न लागणाऱ्या वस्तू आहेत, पण आमचा माळा वीज खात नाही. हा अख्ख्या वस्तीला पुरून उरेल एवढी खातो.

सून तिथं विजेचं काम बघते. टेकडीवरच्या पवनचक्क्या, कालव्यावरचं छोटं जनित्र आणि आमच्या गच्च्यांवरची सौर पॅनेल्स, एवढ्यावरच हा खादाड पोसायचा, बाहेरून येणाऱ्या मोठ्या लाइनला हात लावायचा नाही, हा तिचा ध्यास. या ध्यासापायी माझ्या मुलाला स्वयंपाक शिकावा लागला, त्यामुळे घरात सगळे तिचे ऋणी होते. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "एक दिवस चालवून दाखवा, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. मध्ये एकदा जरी लाइन घ्यावी लागली, तर डिझेलचे जनरेटर बसवणार. मग हा विषय बंद."

जनरेटर बसणार होते ते मागच्या मोकळ्या जागेत. माझ्या झोपायच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. फक्त हाक ऐकू आली नसती.

चाचणीच्या आदल्या दिवशी सुनेनं गल्लीला एकच विनंती केली, "उद्या नेहमीसारखं वागा." नेहमीसारखं वागा म्हटलं की माणूस पहिल्यांदा तेच विसरतो. फोटो काढताना बघा.

गल्लीच्या समितीच्या अध्यक्षांना आम्ही फौजदार म्हणतो. आयुष्यभर त्यांनी बुटांचं दुकान चालवलं, पण आवाज असा की गिऱ्हाईक लहान मापाचे बूटही निमूट घेऊन जाई. सून घरात वळताच त्यांनी सभा भरवली. "पोरगी आपली आहे," ते म्हणाले. "तिला वीज कमी पडता कामा नये. उद्या गल्लीत दिवा नाही, पंखा नाही, फ्रीज नाही. सगळी वीज तिला."

टाळ्या पडल्या. त्यात माझ्या सर्वांत मोठ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऊन असं लख्ख पडलं होतं की गल्ली हरखून गेली. सून अंधारातच कामावर गेली होती. मी थंड पाण्यानं आंघोळ केली आणि ती सगळ्यांना सांगत फिरलो. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं मशीननं केलं होतं, फौजदार येताच उरलेलं कात्रीनं केलं. फौजदार भोंगा घेऊन फिरत होते. "दुसरा मजला, पंखा फिरतोय."

"वाऱ्यानं फिरतोय हो," वरून उत्तर आलं.

"मग वाऱ्याला सांगा, आज सगळं टेकडीवर."

दुपारी मी आणि आमची ही सुनेचा डबा घेऊन निघालो. शाबासकी मिळणार या कल्पनेनं मी शर्ट बदलला होता.

नियंत्रण कक्षात सून मोठ्या पडद्यासमोर उभी होती. साहेब शेजारी, मोठ्या लाइनच्या बटणापाशी हाताची घडी घालून. मला बघताच ती म्हणाली, "बाबा, गल्लीत कुणी आहे की नाही? सगळे गावाला गेलेत का?"

"सगळे घरात आहेत," मी छाती फुगवून म्हणालो. "तुझ्यासाठी सगळं बंद करून बसलेत."

तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती मला वाचवायचं की नाही याचा विचार करत असावी.

"बाबा, गच्च्यांवर वीज तयार होतेय. ती कुणीतरी खायला हवी ना? सेंटरनं पोटभर घेतली, बॅटऱ्या सकाळीच भरल्या. उरलेली तुम्ही घ्यायची, तर तुम्ही उपास धरलाय. तारांमधला दाब चढतोय. तो फार चढला की गच्चीवरची पॅनेलची पेटी स्वतःला वाचवायला बंद होते. सगळ्या बंद झाल्या तर ऊन डोक्यावर आणि गच्च्यांची वीज शून्य."

पडद्यावर आमच्या गल्लीचे हिरवे ठिपके होते. बोलता बोलता एक लाल झाला. न्हाव्याची गच्ची. मग त्याच्या शेजारची.

साहेबांनी हाताची घडी सोडली.

"मग काय करू?" मी विचारलं.

"खा. जमेल तेवढी वीज खा. इस्त्र्या, गीझर, सगळं लावा."

आमची ही डबा माझ्या हातात देऊन निघाली. गुडघेदुखी असलेली बाई इतक्या वेगानं जाताना मी लग्नानंतर प्रथमच पाहिली. मी फौजदारांना फोन लावला.

"इस्त्री लावा," मी म्हणालो.

"ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा."

"अहो, सूनच सांगतेय."

"ती असं कशाला सांगेल? तिचंच नुकसान."

तिसरा ठिपका लाल झाला. सुनेनं फोन माझ्या हातातून घेतला. "काका, मी बोलतेय. तुम्ही माझ्यासाठी सगळं बंद केलंत ना? आता माझ्यासाठीच सगळं लावा. साहेबांचा हात बटणावर आहे."

फोनमधून आणि भिंतीपलीकडून एकाच वेळी भोंगा ऐकू आला, "ऐका हो, हुकूम फिरला."

पडद्यावर दाबाची चढत जाणारी रेष किंचित थरारली. "ही आपली इस्त्री," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. मग एक मोठी पायरी खाली. गीझर असावेत. मग पंखे, फ्रीज, धुलाई यंत्रं, सगळी एकदम. रेष अशी उतरू लागली की मला क्रिकेटचा सामना बघतोय असं वाटलं. न्हाव्याचा ठिपका हिरवा झाला. मी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी ती सहन केली, पण बोट बटणावरून काढलं.

थोड्या वेळानं दार ढकलून फौजदार आत आले. घामाघूम. "कपडे संपले," ते म्हणाले. "पडदे झाले, चादरी झाल्या. वहिनी आता फडकी इस्त्री करतायत. पुढे काय?"

"ऊन कलायला अजून वेळ आहे," सून म्हणाली. "बायका थांबल्या तर दाब परत चढेल."

फौजदारांनी खोलीभर नजर फिरवली. ती साहेबांच्या कोटावर येऊन थांबली. लांबच्या प्रवासानं कोट पार चुरगळला होता. बुटांचं दुकान चालवलेला माणूस, गिऱ्हाइकाला काय लागतं ते ओळखतोच.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग मुकाट्यानं खिसे रिकामे करून कोट उतरवून दिला. "अस्तर जपून," एवढंच म्हणाले.

ऊन कललं तसं सुनेच्या फोनवरच्या सांगण्यावरून एकेक घर थांबत गेलं, आणि बॅटऱ्यांनी दिवस उचलून धरला. सूर्य टेकडीआड गेला तेव्हा मोठ्या लाइनच्या बटणावर कुणाचंही बोट नव्हतं. सून खुर्चीत बसली आणि गार झालेला डबा पहिल्यांदाच उघडला.

साहेबांचा कोट आला. बाह्यांवर धार, खिशाच्या झाकणालाही धार. त्यांनी तो चढवला, शेजारच्या बंद, आरशासारख्या काळ्या पडद्यात स्वतःला न्याहाळलं. "जनरेटर रद्द," ते म्हणाले. "पण ही सगळी माणसं रोज तुमचं ऐकतील का?"

"ऐकतील," सून म्हणाली. "फक्त त्यांना नेहमीसारखं वागा म्हणायचं नाही."

रात्री माझ्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. मागच्या मोकळ्या जागेवरून वारा येत होता. मी अंग टाकलं, आणि पायजम्याच्या कडक घडीनं मला दोन्ही बाजूंनी टोचलं.