रबाबाला खोबरेल

खंडेनवमीला डॉ. सुप्रभा कशाचीही पूजा करू शकत. साउथहॅम्प्टनच्या त्यांच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, त्या दिवशी स्टेथोस्कोप, मिक्सर, नवऱ्याचा, म्हणजे राजीवचा, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडलेली होती, आणि मधोमध शेजारच्या बेनालींचा रबाब. बेनाली मूळचे अल्जीरियाचे. त्यांचं छत गळत होतं, म्हणून वडिलांचं हे वाद्य 'निदान कोरडं राहील' एवढ्याच अपेक्षेने त्यांनी इथे ठेवलं होतं. होडीसारखं लाकडी अंग, खाली कातडं, वर पितळी जाळी, दोन तारा आणि त्यांवर ओढायचा, घोड्याच्या केसांचा वाकडा गज.

पितळ पितांबरीने लख्ख झालं. कातडं ओल्या फडक्याने पुसून झालं. मग गजाच्या केसांवर पांढरट भुकटी दिसली.

"कोंडा झालाय बिचाऱ्याला," म्हणत सुप्रभाबाईंनी केस शाम्पूने धुतले आणि खोबरेल चोळलं.

"अगं, त्यांना विचारलंस का?" राजीव म्हणाला.

"केसांना तेल लावायला कुणाला विचारायचं असतं?"

संध्याकाळी बेनाली आले. थोरला भाऊ हमीद त्यांच्याकडे आला होता. त्याचे कान जात चालले होते. आधी संगीत ऐकू येईनासं होईल, मग लोकांचं बोलणं, असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याआधी त्याला वडिलांचा रबाब ऐकायचा होता.

"आज पूजेत आहे हो. उद्या दसरा, सकाळी उचलू."

दुसऱ्याच्या देवाशी हुज्जत घालणाऱ्यांतले बेनाली नव्हते. दुसऱ्या दिवशी ते हमीदला एअरपोर्टच्या वाटेवर, सामानासकट, इकडेच घेऊन आले.

हमीद डोळे मिटून बसला. बेनालींनी रबाब मांडीवर उभा धरला, गज ओढला. शेवाळावरून पाय घसरावा तसा तो तारेवरून घसरला. आवाज नाही. पुन्हा ओढला. नाही. त्यांनी केसांना बोट लावून हुंगलं.

"ती पांढरी भुकटी राळ होती," ते सुप्रभाबाईंना हळूच म्हणाले. "तिच्याशिवाय केस तार धरत नाहीत."

तोवर हमीदने कानातलं मशीन काढून टिचकी मारली, परत घातलं, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून मान डोलवायला लागला.

"नो, नो! कान ठीक आहेत त्यांचे! माझं तेल... अहो बेनाली, सांगा ना त्यांना!"

बेनालींनी भावाच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, गज दाखवला. हमीदने सुप्रभाबाईंचा हात हातांत घेतला आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणाले?"

"म्हणतो, तुझी शेजारीण फार भली आहे. माझं मन राखायला किती छान गोष्ट रचली."

राजीवने घाईघाईने बोटाने तार छेडली. ओल धरलेलं कातडं नुसतं भद्द वाजलं. हमीदने चटकन दाराकडे पाहिलं आणि बॅग उचलली. बाहेर थांबलेला टॅक्सीवाला दार ठोठावतोय, असं त्याला वाटलं.

टॅक्सी वळली. सुप्रभाबाईंच्या मुठीत द्यायचं राहिलेलं सोनं चुरगळलं होतं.

"माझं छत आता गळत नाही," बेनाली म्हणाले, आणि रबाब घेऊन गेले.