तडा साच्याचा

रविवार उजाडला की आर्वीच्या केशवरावांच्या दिवाणावर मखमली कापड पसरलं जायचं आणि त्यावर जुनी नाणी मांडली जायची. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना नाण्यांचं भारी वेड. मुलगा साकेत कॉलेजात प्राध्यापक. त्या दिवशी तो शेजारी बसला होता.

"हे तीन राजाछाप रुपये पाह्य," केशवराव सांगत होते. "टांकसाळीत साच्याले तडा गेला की नाण्यावर अशी उठावाची रेघ उमटते. पहिल्यावर केसाएवढी, दुसऱ्यावर राजाच्या कानापर्यंत, तिसऱ्यावर पार गळ्यापर्यंत! ठसा पुसट असता, तर ही रेघ ओरखडाच वाटली असती आन् नुसता चांदीचा भाव भेटला असता. पण ठसा चांगला उठला आहे, म्हणून शौकीन चौपट देतात."

इतक्यात सून सुरभी चहा घेऊन आली. तीन वर्षांची इला आईच्या पायात घुटमळली, कप कलंडला आणि चहा मखमलीवर सांडला.

साकेतनं उठून सुरभीच्या थोबाडीत मारली. "हात मोडले का तुझे?"

आणि केशवरावांनी काय केलं? भिंग घेऊन नाणी तपासली! "नाण्यावर नाई सांडला. जाऊ दे," म्हणाले. शिकल्यासवरल्या, चार लोकांत मान असलेल्या घरातली ही गोष्ट आहे बरं!

सुरभी आत गेली आणि बॅग भरू लागली. इला स्वतःच्याच गालावर हात ठेवून दाराशी उभी राहिली.

केशवरावांच्या पत्नी शरयूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अजी, तडा गेलेला साचा तसाच वापरला तर काय होते?"

"तडा वाढत जाते. प्रत्येक नाण्यावर उमटते."

"मंग 'हात मोडले का तुझे' हे साकेतनं कुठून उचललं? माझ्या हातून वरण सांडलं तवा तुम्ही हेच म्हणून मले मारलं होतं. हा माझा पदर धरून उभा होता, इलाएवढा. सासूबाई म्हणाल्या होत्या, जाऊ दे. पण हा काही नाणं नाई, माणूस आहे. त्याले समजते. म्हणून दोष त्याचाही आहे."

केशवरावांच्या हातातलं भिंग खाली पडलं. अरेरे! आयुष्यभर बारीक रेघा शोधणाऱ्या माणसाला घरातला एवढा मोठा तडा दिसला नव्हता! त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बाबा, रागाच्या भरात झालं," साकेत पुटपुटला.

"रागाच्या भरात प्राचार्यावर हात उचलतो का रे तू? तिथं बरा आवरते!"

ते बायकोसमोर उभे राहिले. "शरयू, चुकलो मी. तवाही आन् आत्ताही." मग बॅग घेऊन बाहेर आलेल्या सुनेकडे वळले. "पोरी, थांब म्हणायचा मले हक्क नाई."

"मी वडनेरले भावाकडे जाते, मामाजी. परत येईन का, ते आत्ता नाई सांगत," सुरभी म्हणाली.

बॅग केशवरावांनीच उचलली. बसस्टँडवर शेजारचे बबनराव भेटले. "सून माहेरी निघाली? काही कार्यक्रम आहे का?"

अशा वेळी सांगायची थाप प्रत्येक घरात तयार असते. केशवरावांच्याही ओठांवर आली होती. पण ते म्हणाले, "नाई, बबनराव. साकेतनं तिले मारलं. त्याले ते माझ्याच घरात शिकायले भेटलं."

एसटी सुटली, तेव्हाही खिडकीतल्या इलाचा हात गालावरच होता.

मंडळी, बायकोवर हात उचलणं ही घरातली खाजगी बाब नाही, तो गुन्हा आहे. त्याला 'जाऊ दे' म्हणणारा प्रत्येक जण त्या गुन्ह्यात सामील असतो. केशवरावांना हे फार उशिरा कळलं. तुमच्या घरात अजून वेळ गेली नसेल, तर आजच तोंड उघडा!