तुळजाबाईचं वाक्य

कागदी रुमालांचा डबा कुणी तरी टेबलाच्या अगदी मधोमध ठेवलेला, जसं काही समोर बसणाऱ्यानं रडायलाच हवं... दानम्मानं तो कडेला सारला, आणि मग सारावा की नाही म्हणून घुटमळली. अशा बारीक गोष्टीही शिकवणाऱ्या सुकन्या मॅडम टिपतात. मॅडम आपल्या थोरल्या लेकीच्या वयाच्या, पण बोलतात ते खरं, हे मागच्या मंगळवारी कळलं होतं.

मागच्या मंगळवारी ह्याच खोलीत जळकोटची तुळजाबाई आली होती. समुपदेशनाच्या डिप्लोमात दानम्माला सरावासाठी मिळालेली पहिलीच बाई. सासू वारल्यापासून तिला रात्रीची झोप नव्हती. "कैक वर्सं अंथरुणावर होत्या. समदं मीच केलं. आता घरात पाय ठेवला की घर कसं..." ती थांबली, आणि दानम्मा चटकन म्हणाली, "खायला उठतं."

तुळजाबाईनं तिच्याकडे नुसतं बघितलं. "हाव. तसंच." मग हाव आणि न्हाई, ह्यापलीकडे तासभर शब्द नाही.

"तिचं वाक्य तुम्ही का पुरं केलंत, दानम्माताई?" मॅडमनी नंतर विचारलं.

काय सांगणार? निलंग्याच्या शिवनाम सप्ताहात माझा जन्म गेला. कीर्तनात महाराज अभंगाचा चरण अर्ध्यावर सोडतात, हात वर करतात, आणि अख्खा मंडप तो उचलून धरतो — थांबलेल्याला एकटं सोडायचं नाही, हीच तिथली माया. ... पण तो चरण सगळ्यांना पाठ असतो. तुळजाबाईचं वाक्य कुणाला पाठ होतं?

सकाळी एसटी स्टँडवर सोडताना अमरनाथ, दानम्माचे यजमान, हसून म्हणाले होते, "आजवर मला एक वाक्य पुरं करू दिलं न्हाईस. आता तेच लातूरला जाऊन शिकायलीस होय?" "शिकले की आधी तुमच्यावरच सराव," ती म्हणाली होती. पण गाडीभर एकच घोर : आज तुळजाबाई आलीच नाही तर? ही बाई पुन्हा कुणापाशी तोंड उघडणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

दार वाजलं. तुळजाबाई आत आली, पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसली. डोळे लाल.

"अक्का, लोक म्हणतात, लेकीवानी केलंस. आणि मला तर..."

थांबली.

दानम्माच्या जिभेवर शब्द आलेच होते — रितं वाटतं, करमत नाही, पोरकं झाल्यागत — एकामागून एक, सगळे मऊ, सगळे तयार. तिनं ओठ मिटून घेतले. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणाची तरी रिक्षा सुरूच होत नव्हती. मनातल्या मनात नमः शिवाय म्हणावं, तर तेही पुरंच करावं लागतं... तिनं तेही सोडलं.

"...मला हलकं वाटतंय," तुळजाबाई म्हणाली. "लई हलकं. पाठ टेकली की झोप येती, अक्का. मीच येऊ देत न्हाई. उठून बसते. त्या गेल्या आन् मी घोरत पडू?"

ह्यात पाप नाही, असं सांगावं का? कीर्तनात दुःखाला किती शब्द असतात, ह्या हलकेपणाला एकही कसा आठवत नाही? दानम्मा म्हणाली, "झोप येते. तुम्ही येऊ देत नाही."

"हाव." हा हाव मागच्यासारखा नव्हता.

हळूहळू तुळजाबाईची पाठ खुर्चीला टेकली, मान एका बाजूला कलली, आणि तोंड किंचित उघडं राहिलं.

मंडपात शेजारणीला डुलकी लागली की कोपरानं ढोसणारी दानम्माच असायची. अभ्यासक्रमात तर ह्याबद्दल काही नव्हतं. हे बरोबर चाललंय की वेळ वाया जातोय, मॅडम काय म्हणतील... कळत नव्हतं. पण गप्प बसून आपण थांबलेल्याला एकटं सोडतोय, असं तिला आता वाटत नव्हतं. ती बसून राहिली, हात मांडीवर सैल, पुढचं काहीही न शोधता.