कापलेली जाळी

कापडात कुठे भोक दिसलं की शिलाईबाईंचा हात आपोआप सुईकडे जायचा. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या आणि पडद्याची कड उसवलेली दिसली, तर समोरच्या चहात त्यांचं लक्ष लागत नसे. रफू तर असं करायच्या की ज्याचा कपडा त्यालाच फाटलं कुठे होतं ते सापडू नये. आता सांगा, अशा बाईच्या वाट्याला जाळी यावी, म्हणजे नुसती भोकंच भोकं! पण आली खरी.

त्याचं असं झालं. त्यांचे यजमान बंदरावरच्या बचावबोटीचं इंजिन सांभाळायचे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. समुद्रात कुणावर वेळ आली की भोंगा वाजायचा आणि मिस्त्री हातातला घास तसाच टाकून पळायचे. परत आले की ओले बूट दाराबाहेर काढायचे, "झालं काम" एवढंच म्हणायचे आणि घोरायला लागायचे. कोण वाचलं, कोण गेलं, काही विचारावं तर मिठाची गुळणी. शिलाईबाईंना सगळं कळायचं ते भाजीवालीकडून, आणि तिलाही अर्धंमुर्धंच ठाऊक असायचं. "अहो, माझ्या घरातला माणूस, आणि मला भाजीवाली सांगते!" असं त्या जन्मभर म्हणत आल्या. मिस्त्री हसायचे आणि कूस बदलायचे.

निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी त्याच बोटीची छोटी प्रतिकृती करायला घेतली. बोट भंगारात निघाली होती, तिची आठवण म्हणून बचावकेंद्राच्या दर्शनी खोलीत काचेच्या पेटीत ठेवायची होती. हातभर लांबी, नारिंगी अंग, केबिनच्या खिडक्यांना खरी काच, मागे नखाएवढा पंखा, तोही फिरणारा. आता दोर आणि जाळी तेवढी राहिली होती, आणि एका सकाळी दाढी करता करता मिस्त्री कोसळले. उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली. शब्द उरले दोन, "नाही" आणि "चहा". "बघा बाई, कामाचे तेवढे नेमके ठेवून घेतले," असं शिलाईबाई शेजारणींना हसत सांगायच्या, आणि मग मोरीत नळ सोडून रडायच्या.

शरीर हळूहळू सावरेल, डॉक्टर म्हणाले, पण डोक्यात किती शिल्लक आहे ते आज सांगता येत नाही. हेच शिलाईबाईंच्या मनाला कुरतडत होतं. समोर खुर्चीत बसलेला हा माणूस आपलाच आहे, की नुसता त्याचा देह चहा मागतोय?

लेक दुसऱ्या गावात शाळेत शिकवायची. ती रोज फोन करायची. "आई, तू एकटीनं किती ओढणार? मी इथली एक संस्था बघून आलेय. स्वच्छ आहे, नर्स आहेत. बाबांना जर आपण कोण आहोत हेच कळत नसेल, तर..."

"कळतं त्यांना," शिलाईबाई ठसक्यात म्हणायच्या.

"कशावरून?"

यावर त्या, गॅसवर आमटी आहे म्हणून फोन ठेवायच्या. शेवटी ठरलं ते असं की लेक सुट्टीत येईल, स्वतः बघेल, आणि मग काय ते ठरवू. संस्थेतली खोली मात्र तिनं धरून ठेवायला सांगितली होती.

म्हणून शिलाईबाईंनी बोट हातात घेतली. म्हटलं, काम डोळ्यांसमोर चाललेलं असलं की माणूस जागा होईल. जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरलं, त्यावर बोट ठेवली आणि मिस्त्रींची खुर्ची जवळ ओढली.

आधी डोलकाठी. तिला चारी बाजूंनी ताण द्यायचा. धागा जसाच्या तसा लावला तर त्याचे केस पिंजारतात, आणि खऱ्या बोटीवर मनगटाएवढे केस असलेला दोर कोण लावतो? म्हणून शिलाईबाईंनी धागा मेणातून ओढला, मग मेणबत्तीच्या आचेवरून झरकन फिरवला. गुळगुळीत झाला. पण डाव्या बाजूनं ताण द्यावा तर काठी डावीकडे कलते, उजवीकडून ओढावं तर उजवीकडे. "हिचं आपलं सासू आणि नवरा या दोघांत सापडलेल्या सुनेसारखं," त्या पुटपुटल्या. मिस्त्री बघत होते. काठी सरळ उभी राहिली तेव्हा त्यांचा डावा हात हलला, आणि "चहा" म्हणाले.

आता ही शाबासकी होती की खरंच चहा हवा होता, देव जाणे. त्यांनी चहा केला.

बोटीच्या कडेनं झुलते दोर लावले, बुडणाऱ्यानं पकडायचे ते. कठड्याला चार ठिकाणी पाण्यात फेकायची गोल तरंगती चक्रं बांधली. मग जाळी. ही कठड्यापासून पाण्यापर्यंत सोडायची, म्हणजे पाण्यातल्या माणसानं तिच्यावर पाय रोवून वर चढायचं. शिलाईबाईंनी ट्रंकेतून जुन्या ओढणीची जाळी काढून तुकडा लावून पाहिला.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

खरंच होतं. ती काय जाळी? बोटीसाठी मिस्त्रींनी कोरून डब्यात ठेवलेल्या लाकडी माणसांतलं एक त्यांनी शेजारी धरलं, अंगठ्याच्या पेराएवढं. त्याची टाच कुठेही अडकणार नाही इतकी बारीक छिद्रं! आणि ते माणूस पाण्याच्या रेषेवर टेकवून शिलाईबाईंनी वर कठड्याकडे पाहिलं. अगं बाई, एवढं उंच? भिजलेल्या कपड्यांनी, गारठलेल्या बोटांनी, लाटेवर खालीवर होणाऱ्या भिंतीवर माणसं चढली? आणि आपण इथे मशीनवर बसून, आमटी निवते म्हणून यांच्यावर चिडत होतो!

त्यांनी उशीवर टाचण्या टोचल्या आणि गाठी मारत जाळी विणायला घेतली. डोळे फुटायची वेळ आली. आणि विणून टांगली तर ती लोंबेना! खरा दोर आपल्या वजनानं खाली पडतो, पण या धाग्याला वजन ते काय असणार? फडक्यासारखी फेंदारून उभी राहिली. मग पातळ डिंकात बुडवून, खालून टाचण्यांचा भार देऊन वाळवली, तेव्हा कुठे अंगाला धरून पडली. काय सुरेख दिसत होती!  वाटलं, आता खोलीत पाणी चढेल आणि ही बोट निघेल.

दूध उतू जातंय म्हणून त्या आत गेल्या. परत आल्या तर मिस्त्रींच्या डाव्या हातात कात्री, आणि जाळीच्या मधोमध आडवी चीर. दोन्ही कडांचे धागे तेवढे शाबूत, मधले सगळे तोडलेले. खालचा अर्धा भाग लुळा पडला होता.

"अहो! काय केलंत हे!"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. "नाही," म्हणाले.

शिलाईबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि लगेच विझलीही, कारण त्यामागून भीती आली. त्यांनी मुकाट्यानं सुई घेतली. एकेक धागा जोडला. असं बेमालूम जोडलं की भिंगातूनही दिसू नये. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ती पुन्हा कापली. त्याच जागी. त्यांनी पुन्हा जोडली. कात्री कपाटात लपवली, तर मिस्त्रींनी नखं कापायच्या यंत्रानं धागे तोडले. हट्ट म्हणजे किती? अन् जोडलेली जाळी पाहिली की डोळ्यांत पाणी आणायचे आणि "नाही, नाही, नाही" करत टेबलावर मूठ आपटायचे.

लेक आली ती नेमकी अशाच वेळी. दारातच थबकली. बाबा मूठ आपटतायत, आई सुई घेऊन वाकलीय, आणि खाली धाग्यांचे तुकडे.

"हे कधीपासून चाललंय?" तिनं हळूच विचारलं.

शिलाईबाईंनी सांगितलं. खोटं कधी बोलता आलं नव्हतं, आता तरी कुठून येणार?

"आई, बाबांनी एवढं जीव ओतून केलेलं काम ते स्वतःच कापतायत. आणि तू म्हणतेस त्यांना कळतं." लेकीनं खालचे धाग्यांचे तुकडे उचलले. "आज जाळी कापली. उद्या स्वतःला काही करून घेतलं तर? मी उद्या त्यांना घेऊन जाते. तूही चल, थोडे दिवस माझ्याकडे राहा."

शिलाईबाईंनी हात टेकले.  त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि हे कबूल करण्यापेक्षा जीव गेलेला बरा, असंही वाटत होतं.

लेक बाबांची बॅग भरायला बसली. सदरे, मोजे, चष्मा. बाबांना सोबत असावी म्हणून हत्यारांच्या कप्प्यातून तिनं मोजपट्टी काढली, तिच्याखाली एक काडेपेटी होती. उघडली तर आत कापसात गुंडाळलेलं आणखी एक लाकडी माणूस.

"आई, हे वेगळंच आहे गं. बाकीची सगळी सरळ उभी आहेत. ह्याचे दोन्ही हात वर ताणलेत, पाय फाकलेत. बिघडलं म्हणून बाजूला ठेवलं असेल का?"

मिस्त्री खुर्चीतून उठले. उजवा पाय फरपटत, टेबलाला धरून उठले! लेक धावली, पण त्यांनी तिच्या हातातून फक्त ते माणूस घेतलं. मग जाळीकडे बोट केलं, आणि शिलाईबाईंकडे असं पाहिलं की त्यांनी लग्न झाल्यापासून तशी विनवणी त्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

शिलाईबाईंनी कपाट उघडलं, कात्री काढली आणि आपलं सुंदर रफू स्वतःच्या हातानं कापून टाकलं. 

मिस्त्रींनी आधी डब्यातलं सर्वांत लहान माणूस घेतलं, पोर असावं. ते जाळीवर नाही ठेवलं. जाळी आणि बोटीचं अंग यांच्यामधल्या फटीत कोंबलं. मग तळहातानं जाळी बोटीवर दाबली, सोडली, पुन्हा दाबली. एकदा, दोनदा, परत परत.

"लाट," लेक कुजबुजली. "आई, पोर मध्ये अडकलंय. लाट त्याला चेंगरतेय."

मिस्त्रींनी चिरेतून दोन बोटं घातली, पोराला बाहेर ओढलं आणि वर डेकवर ठेवलं. श्वास लागला होता त्यांना. लुळ्या पडलेल्या जाळीकडे त्यांनी बोट केलं, आणि मग खाली, पाण्याच्या रेषेवर, डब्यातली बाकीची सगळी माणसं ओतली. शिलाईबाईंना आता न सांगताच दिसत होतं. पोर निघालं, पण जाळी तुटली. आणि खाली ही एवढी माणसं.

मग त्यांनी काडेपेटीतलं माणूस उचललं आणि त्या भोकात बसवलं. वर ताणलेले हात बरोबर वरच्या तुटक्या कडेला पोचले. फाकलेले पाय बरोबर खालच्या कडेत रुतले. एका धाग्याचाही फरक नाही. जन्मभर मापं घेतलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. माणूस भोकाच्या मापानं कोरलेलं होतं, आणि ते कोरलं होतं उजव्या हातानं, तो हात चालत होता तेव्हा.

आणि मिस्त्री खालची माणसं एकेक करून चढवू लागले. डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून एकेकाला जाळीवरून वर आणायचे, त्या ताणलेल्या माणसाच्या गुडघ्यावर त्याचा पाय टेकवायचे, मग कमरेवर, मग खांद्यावर, मग डोक्यावर, आणि वर. दुसरा. तिसरी. कुणी घसरलं तर पुन्हा खांद्यावरून.  लेकीनं तोंडावर हात धरला होता. शेवटचं माणूस डेकवर ठेवलं तेव्हा मिस्त्रींच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते.

"हा कोण, बाबा?" लेकीनं जाळीतल्या माणसाला बोट लावून विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

मिस्त्रींचे ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलले. मग आवाज आला, खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा.

"मी."

शिलाईबाईंनी त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. ह्या माणसाच्या खांद्यांना त्या वर्षानुवर्षं तेल चोळत आल्या होत्या. म्हातारपण म्हणून, ओल्या हवेत फिरतात म्हणून, बोलणी खातील पण स्वेटर घालणार नाहीत म्हणून. त्या खांद्यांवरून एक अख्खं गाव चढून गेलं होतं, आणि घरी येऊन हा गृहस्थ म्हणाला होता, झालं काम!

"अहो," त्यांना पुढचं बोलवेना. "अहो, काय माणूस आहात तुम्ही! देवा!" आणि त्या हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाही कळत नव्हतं.

लेकीनं डोळे पुसले, फोन लावला. पलीकडे कुणीतरी संस्थेचं नाव घेतलं. "ती खोली दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "माझे बाबा घरीच आहेत." मग बॅगेतले सदरे काढून पुन्हा खुंटीला लावायला गेली.

शिलाईबाईंनी धागा मेणातून ओढला. ते लाकडी माणूस दोऱ्याशिवाय राहणार नव्हतं, हात वरच्या कडेला बांधायला हवे होते. त्या वाकल्या, एका मनगटाभोवती वेढा घेतला, गाठ मारली. मिस्त्रींनी मान पुढे काढून पाहिलं, डाव्या हाताची बोटं त्यांच्या हातावर ठेवली आणि दाबली.

"घट्ट," ते म्हणाले.