शेपटाचं शेत

"चाकावरचा हात काढा आधी!" पाटकऱ्याने लांबूनच हाळी दिली.

वरच्या शेतकऱ्याने चारीतून शेतात पाणी घ्यायच्या दाराचं चाक सोडलं. "गंज चढलाय का, बघत होतो फक्त."

"तुमच्या चाकाला गंज चढायला उसंत कुठे मिळते?"

नदीचं पाणी कालव्यातून चारीत सुटलं की पाटकऱ्याने पुढे चालत पालापाचोळा काढायचा. बावीस वर्षं तो चालत होता आणि बावीस वर्षं पाणी वरच्या शेतांतच संपत होतं. चारीच्या शेपटाचं शेवटचं वीतभर शेत त्याच्या थोरल्या बहिणीचं. "सख्खा भाऊ पाटकरी, आणि माझ्या शेतात धूळ!" हे तिने चारचौघांत इतक्यांदा ऐकवलं होतं की तिच्या घरी पाणी मागायचीही त्याला चोरी झाली होती.

यंदा मात्र त्याने पाणीवाटपाच्या बैठकीत हट्टच धरला. पहिली पाळी शेपटाला. वरचे कुरकुरत कबूल झाले, पण संध्याकाळी सहापर्यंतच. त्यानंतर ते आपापली दारं उघडणार होते.

चार वाजता तो पोचला. ताई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी.

"आलास? एकटाच?"

"मागे बघ की जरा."

पाचोळा ढकलत पाणी वळणावरून येत होतं. ताईचे कमरेवरचे हात आपोआप खाली आले. पाटकऱ्याला हसू आवरेना. ऐटीत त्याने तिच्या दाराच्या चाकाला हात घातला.

चाक ढिम्म हललं नाही. बावीस वर्षांत ते कुणी फिरवलंच नव्हतं. त्याने तेल ओतलं, दगडाने ठोकलं, लाथ घातली. पाच वाजले.

"चारीचा बांध फोड," ताई म्हणाली.

"गुन्हा आहे तो. मीच कितीजणांना पकडलंय."

"मग मलाही पकड!" तिने कुदळ उचलली.

त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली. "दे इकडे. आज दंडाच्या वहीत माझंच नाव लिहितो. उद्या सकाळी बुजवतोही मीच."

चार घाव पुरले. पाणी धबाधबा शेतात शिरलं. ताई चपला भिरकावून पाण्यापुढे उलटी चालू लागली, "इकडे ये, इकडे," म्हणत.

सहा वाजता वरची दारं उघडली आणि चारीतलं पाणी ओसरलं. शेताचा शेवटचा कोपराही भिजला होता आणि त्या कोपऱ्यात ताई घोट्यापर्यंत चिखलात उभी होती.

"चल ना ताई, अंधारतंय."

"थांब रे," ती म्हणाली. "उभी राहू दे थोडा वेळ."